काचेवरचा पाऊण

इथे परदेशात, रिचमंड हिलच्या बसमध्ये हिवाळाभर माझ्या पुढच्या सीटवर पन्नाशीच्या एक बाई बसायच्या. बसल्या की हातमोजा काढायच्या आणि वाफ धरलेल्या काचेवर बोटानं अपूर्णांक सोडवायच्या. उत्तर चुकलं की कोपरानं अख्खी काच पुसून स्वतःशीच हसायच्या.

एकदा त्या "पाऊण, पाऊण" असं पुटपुटल्या, तेव्हा मी मराठीतच चौकशी केली. त्यांना नर्सिंगला जायचं होतं. कॉलेजच्या प्रवेश परीक्षेत इंग्रजी सुटलं होतं, पण गणितात दोनदा नापास.

"आता शेवटचा चान्स," त्या म्हणाल्या.

काचेवर होतं तीन चतुर्थांश भागिले एक द्वितीयांश. मी पडलो पुण्याचा सॉफ्टवेअर इंजिनिअर. विचार न करता सांगून टाकलं, "तीन अष्टमांश."

"अहो, गुणलंत तुम्ही! पाऊण किलो साखरेच्या अर्ध्या किलोच्या पुड्या बांधल्या, तर किती होतील? दीड! माहेरी किराणा दुकान होतं आमचं. हे सगळं इंग्रजीत परकं वाटतं हो, मराठीत घरचंच आहे."

स्टॉप येईपर्यंत मी मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसलो.

एप्रिलमध्ये काचा स्वच्छ झाल्या. बाई नुसत्या बाहेर बघत होत्या. निकाल विचारायचा मला धीर होईना. शेवटी त्याच मागे वळल्या.

"पास झाले! आणि अहो, या रस्त्याला केवढं मोठं तळं आहे! मला आजच दिसलं."

तीन वर्षं मी त्याच बसनं जात होतो. मीही ते तेव्हाच पाहिलं.