पोटावर झोपणारा कारकून

गोव्यातल्या मये तळ्याच्या रस्त्याकडेला सकाळी गवतातून दोन तळपाय बाहेर आलेले दिसले, तर ते आमच्या पंचायतीच्या कारकुनाचे असतात. किड्याफुलांचे अगदी जवळून फोटो काढायला तो यंदाच शिकला. कॅमेरा हलू नये म्हणून श्वास रोखायची त्याला इतकी सवय झाली आहे, की दाखल्यावर शिक्का मारतानाही तो श्वास रोखतो. समोरच्याला वाटतं, आपल्या कागदात काहीतरी खोट निघाली.

मी त्याला भित्रा म्हणत असे. डोंगरकापणीविरुद्धच्या माझ्या एकाही पत्रकावर त्याने सही केली नाही. "सचिव सही बघतलो मरे!" एवढंच त्याचं उत्तर.

गेल्या महिन्यात जत्रेसाठी रस्त्याकडेचं गवत कापायचा हुकूम निघाला. तो त्यानेच टाइप केला होता. यंत्र आलं, तेव्हा त्याच गवतात हा आडवा होता. समोर एक चतुर नुकताच कात टाकून पंख सुकवत बसला होता. यंत्रवाल्याने आरडाओरडा केला, सरपंचांचं नाव घेतलं. हा उठेना. ही तर साक्षात चळवळ! मी धावत गेलो, मूठ उगारली आणि गरजलो, "बंधूंनो!"

"गप रे! तू उलयतोस आणि पान हालता," तो कुजबुजला.

यंत्रवाल्याने यंत्र बंद केलं आणि तोही वाकून बघू लागला. चतुर उडेपर्यंत आम्ही तिघेही श्वास रोखून होतो.

माझ्या घोषणांनी आजवर एकही यंत्र थांबलेलं नाही.

त्या सकाळचे त्याचे सगळे फोटो सुरेख आले. एकच हलला. नेमका तोच छापून त्याने मला आणून दिला.

"हो तुझो 'बंधूंनो'."