उजवीकडचं दार

नव्वदच्या दशकात आमच्याकडे एक जुनी गाडी होती. नवरा नोकरीसाठी सुरतेला, त्यामुळे ती चालवायचे मी. गंगापूर रोडवरच्या घरापासून सातपूरच्या कारखान्यातल्या माझ्या ऑफिसपर्यंत. सासऱ्यांना ते कधीच रुचलं नाही आणि मला त्यांची परवानगी मागायची नव्हती.

एका वर्षी दसऱ्याच्या आधी चालकाच्या बाजूचं दार अडकलं. आतून उघडेना, बाहेरून उघडेना. मी डावीकडून शिरायचे आणि साडी सावरत, हँडब्रेक ओलांडून स्टिअरिंगमागे जायचे. कॉलनीतली मंडळी गॅलरीत उभी राहून बघायची. बघू देत!

सासऱ्यांना मात्र आयतं कारण मिळालं. "शोभतं का हे, सूनबाई? रविवारी देवळ्याहून आपले पाहुणे येतायत, त्यांना देऊन टाकू गाडी."

म्हणजे मी पुन्हा बसच्या रांगेत, आणि कुठे जायचं म्हटलं की कुणाच्या तरी तोंडाकडे बघत बसायचं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जुनी झाली म्हणून विकायची असती तर मी समजून घेतलं असतं. ती मी चालवते म्हणून विकायची होती.

शनिवारी सुट्टी होती. सकाळीच पदर खोचला आणि स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, रॉकेलची बाटली घेऊन गाडीत बसले. सासरे अंगणात खुर्ची टाकून बसले.

"आता तोडून ठेव दार, म्हणजे भंगारवाल्यालाच बोलावतो."

मी काच खालीवर करायचा दांडा काढला, दाराचा आतला पुठ्ठा उचकटला आणि हात आत घातला.

हाताला काळा, ओला लगदा लागला. बाहेर काढून बघते तर झेंडूच्या पाकळ्या आणि आपट्याची पानं. दर दसऱ्याला गाडीची पूजा झाली की सासरे काचेच्या फटीत फुलं-पानं खोचायचे, तीही उजवीकडच्याच दारात, कारण तिथे त्यांचा मुलगा बसायचा. काच खाली केली की सगळं आत. वर्षानुवर्षांचं ते सोनं तळाशी साचलं होतं, पाणी निघून जायची भोकं बुजली होती आणि ओल धरून खटका गंजून बसला होता.

मला हसूही आलं आणि संतापही. लगदा वर्तमानपत्रावर घेऊन त्यांच्या पुढ्यात ठेवला.

"बाबा, हे तुमचं सोनं. दार माझ्यामुळे नाही बिघडलं."

मी खटक्यावर रॉकेल ओतलं, थांबले, पक्कडीने हलवून पाहिलं, मनातल्या मनात शिव्या घातल्या, पुन्हा ओतलं. दुपारी खाडकन आवाज झाला आणि दार उघडलं. मग उगाचच दोन-तीनदा आत-बाहेर केलं, गॅलरीतल्यांना नीट दिसेल असं.

रविवारी पाहुणे आले. त्यांनी दार उघडून, लावून पाहिलं. "गाडी तर लय चांगली हाय. इकता कशाला?"

"विकत नाहीच आहोत," मी म्हणाले. "चला, तुम्हाला स्टँडवर सोडते."

त्या दसऱ्याला पूजा झाल्यावर सासरे आपट्याची पानं घेऊन उजवीकडे आले. मी आत बसले होते. सवयीने त्यांचा हात फटीकडे वळला, तशी मी त्यांच्या डोळ्यांत बघत काच पूर्ण वर केली.

मग त्यांनी दार उघडलं आणि पान माझ्या हातावर ठेवलं.