ऑर्किड रुजलं, शामा परतला

तिसऱ्या चढणीला पिंजरा वागियाच्या हातात आला. "हात भरून आले गं," म्हणत तुकिनेमबाई दगडावर टेकल्या. वागिया शेजारची, रक्ताचं नातं नव्हतं, पण मोठ्या मावशीला म्हणतात तसं ती त्यांना 'बुदे' म्हणे.

बुदेंचा नवरा जावातल्या याच डोंगरावर गाण्यासाठी नावाजलेले शामा पक्षी धरून शहरात विकायचा. बुदे झाडांवरची ऑर्किडं उतरवून बाजारात नेत. दोघांचं पोट एकाच रानावर. आधी रानातले शामे संपले, मग नवरा गेला. तेव्हापासून बुदेंनी मनाशी घेतलं, उरलंसुरलं रानाला परत करायचं. गेल्या वर्षी घरातलं शेवटचं ऑर्किड त्यांनी इथल्या वडाला काथ्याने बांधलं होतं. आज दोघी तिथे पोचल्या, तर ते पांढऱ्या फुलांनी लगडलं होतं.

"धरलंन् की नाही मूळ! आता हा राहिला," बुदे पिंजऱ्याकडे बघत म्हणाल्या. बुदेंच्या पोटात गाठ होती, डॉक्टरांनी हात टेकले होते. आपल्यामागे मुलगा पिंजऱ्यातल्या या शेवटच्या शामाला बाजारात नेऊन विकणार, हे त्या ओळखून होत्या.

वागियाने पिंजऱ्यावरचं कापड काढलं, मनात बिस्मिल्ला म्हणत दार उघडलं. पाखराला कोंडणं पाप, हे ती बुदेंना येता-जाता ऐकवी. शामा हलेना.

"नीघ ना मेल्या! अगदी धन्यासारखा हट्टी," बुदे करवादल्या.

शेवटी बुदेंनी त्याला हाताने काढून फांदीवर ठेवलं. तो अंग फुगवून बसला. समोरून नाकतोडा उडाला, त्याने नुसतं पाहिलं. मग खाली उतरला, आपणहून पिंजऱ्यात शिरला आणि रिकामी वाटी टोचू लागला.

"घरात अंड्यातून निघालेला तो, बुदे. त्याला काय माहीत रान?"

"बापाला इथूनच नेला होता याच्या. वाटलं, रक्तात असेल." बुदेंनी ऑर्किडच्या फुलांकडे बोट केलं. "त्याला नुसतं बांधलं, पुरे झालं. याला रोज भरवणारं कुणीतरी लागतं."

वागिया पिंजऱ्यापाशी वाकली. तिने दार लावलं.

"तुझं पाप-पुण्य मला ठाऊक आहे, पोरी. तरी मागते," बुदे म्हणाल्या. "माझ्यामागे याला तू सांभाळ. विकू नकोस, गाण्याच्या शर्यतीत बसवू नकोस. नाकतोडे तेवढे, उडून जाऊ नयेत म्हणून पाय मोडून, त्याच्यापुढे टाकत जा. टाकशील ना?"