टाकेकाकूंचे चौदा बिऱ्हाडकरू

टाकेकाकू म्हणजे गल्लीतल्या शिंपीण. माप घेताना तुमच्या वाढत्या कमरेबद्दल अवाक्षर काढणार नाहीत, पण कुत्र्याला कुणी दगड मारला तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतील. शिवणाच्या खोलीमागे त्यांनी जखमी, टाकून दिलेल्या कुत्र्यांचं बिऱ्हाडच थाटलं होतं.

मग प्राण्यांसाठी नवा कडक कायदा आला. निवाऱ्याला परवाना हवा, प्रत्येक जनावराला पुरेशी जागा हवी. काकूंकडे नियमाने आठ मावत होती आणि होती चौदा! जास्त सापडली तर परवाना नाही, सगळीच लांबच्या सरकारी कोंडवाड्यात.

"वहिनी, सोपं आहे," पलीकडच्या घरात राहणारे त्यांचे दीर म्हणाले. हे रिटायर्ड वायरमन. फ्यूज उडेल, यांचा आत्मविश्वास उडणार नाही. "सहा जणांना शेजाऱ्यांकडे लपवू. तपासणीची बाई येऊन गेली की परत."

"भाऊजी, कायदा खोटा नाही हो. दाटीत खरूज पसरते, मीच बघते ना."

"कायदा खराच आहे. आपलं घर लहान आहे, एवढंच!"

काकूंनी नाइलाजाने मान डोलावली आणि संध्याकाळी सहा कुत्री शेजाऱ्यांकडे पाहुणचाराला गेली.

दुसऱ्या दिवशी तपासनीस बाई आली. वयाने पोरसवदा, पण नजर सासूची. भिंती, भांडी, औषधं, सगळं पसंत पडलं. निघताना कडीत अडकून तिच्या कोटाचा खिसा टर्रकन उसवला. उसवलेलं दिसलं की काकूंना धीर कुठला? "काढ गं तो," म्हणत त्या मशीनवर बसल्यासुद्धा. खिसा शिवला आणि सवयीने मशीनचं लाकडी झाकण धाडकन लावलं.

झालं! रोज ते झाकण वाजलं की कुत्र्यांची जेवणाची पानं मांडली जातात. शेजारची दारं धडाधड उघडली. सहाही जण धावत आले. एकाच्या तोंडात शेजारच्या पेंटरची चप्पल आणि त्याच्यामागे फरफटत खुद्द पेंटर.

"ही... रस्त्यावरची दिसतात," दीर पुटपुटले. एकीने लगेच त्यांचा हात चाटला.

"पुरे, भाऊजी. बाई, चौदाही माझी. लपवली, चुकलं. पण कोंडवाड्यात एकही जाणार नाही. उपाय सांग."

बाईने दाराबाहेरचे हाशहुश करणारे शेजारी न्याहाळले. "घरात एकदोन पाळायला परवाना लागत नाही. पण कायमची. लस, पट्टा, जबाबदारी तुमची."

काल हौसेने कुत्री नेणारे शेजारी एकेक पाऊल मागे सरकले. काकू मात्र कंबर कसून वळल्या. "पाहुणचाराला पुढे होतात ना? आता सोयरीक करा!"

"आमच्या हिने काल याला गादीवर घेतलं," पेंटर कण्हला. "माझी जागा तशीही गेलीच आहे. द्या."

एकेक करत पाच जणांची सोय लागली. उरली ती एक म्हातारी, चावरी कुत्री. सगळे दिरांकडे बघू लागले.

"मला ॲलर्जी आहे, वहिनी."

"ताटातली पोळी हिला चोरून देता, तेव्हा बरी शिंक येत नाही?"

बाई पहिल्यांदाच हसली आणि तिने आठांचा परवाना मंजूर केला. दिरांनी पट्टा धरला, आणि म्हातारी त्यांना घेऊन घरी निघाली.