रंग लावलेली दडवी

दडव्या, म्हणजे बांधात बिळं करून राहणारे छोटे प्राणी, मोजायला मी निघाले, तेव्हा विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता. दोन दिवस एसटी थांबलेली, तिसऱ्या दिवशी परभणीहून ताडकळसला पोचले. तुम्ही जाणार असाल तर बाजाराचा दिवस टाळा, उभं राहायला जागा मिळत नाही. पुढे तासभर पांदीने चालायचं. माती ओली असेल तर चपला हातात.

ज्यांच्या बांधात बिळं होती त्या मालकांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. चहा वेगळ्या कपात आला. मुक्कामाला त्यांच्या शेतावर राबणाऱ्या चंद्रभागाबाईंनी आपल्या घरी नेलं. भाकरी आणि अंबाडीची भाजी, दोन्ही वेळा.

दडवी मुंगसाएवढी, राखाडी. वीसेकांचा कळप एका बिळात राहतो. एकजण उंचवट्यावर पहारा देते. पाळी चुकवली तर बाकीच्या तिला ढकलून वर बसवतात. आत जाताना प्रत्येकीला दाराशी हुंगलं जातं.

सगळ्या सारख्याच दिसत. एकच दोनदा मोजली जाऊ नये म्हणून मी एक पिल्लू धरलं आणि त्याच्या पाठीला गुरांच्या जखमेचं जांभळं औषध लावलं.

"पोळा हाय का ताई आज? रंगवायलाव त्याला!" चंद्रभागाबाई हसल्या.

संध्याकाळी पिल्लू बिळाशी गेलं. दाराशी हुंगणारीने त्याला ढकललं. पुन्हा गेलं, तर ती चावली. मी त्याला धुतलं. रंग थोडा गेला, माझ्या हातांचा वास लागला.

दुसऱ्या दिवशी एका मादीने ज्वारीचं कणीस आणलं, पिल्लापासून वीतभर लांब ठेवलं आणि ती परत आत गेली.

"खायला देतायत," मी म्हणाले. "म्हणजे आत घेतील."

चंद्रभागाबाई या वेळी हसल्या नाहीत. "लांबून देतेत, ताई. आमालाबी देतेतच की."

त्या रात्री थंडी होती. पिल्लाला पोत्यात गुंडाळून घरात ठेवलं, तरी ते निसटून बिळाकडे गेलं. सकाळी दाराशी पडलेलं सापडलं, नाक आतल्या बाजूला. बीळ आतून मातीने बुजवलेलं. भोवती पाच कणसं, एकही खाल्लेलं नाही. चंद्रभागाबाईंनी खुरप्याने खड्डा केला.

परभणीला येऊन अहवाल लिहिला. मोजणी अर्धवट आहे, असं स्पष्ट नोंदवलं. दडव्या बघायला जाल तर लांबूनच बघा. मृत्यूच्या कारणापुढे मी आधी 'थंडी' लिहिलं. ते चूक नव्हतं. तरीही खोडलं, आणि त्या जागी माझं नाव लिहिलं.