सिलिकॉनवरचं लोखंड
व्हॅक्यूम पंपाच्या जळक्या तेलाचा वास आला की विद्यापीठातली प्रयोगशाळा आठवते. निर्वात पात्रात तापलेल्या सिलिकॉनच्या तुकड्यावर मी लोखंडाचे अणू सोडले होते. हवा लागली नाही तर ते आपसूक ओळी धरतात, चुंबक बनतात. माझी पीएचडी त्यावरच होती. नामांतराच्या मोर्चात पोलिसांनी मला उचललं. सुटून आलो तर पंप बंद, तुकडा काळवंडलेला. मी माझ्या मार्गदर्शक सरांना विचारलं, "सर, हवा कुणी सोडली?" "मी सोडली. विद्यापीठाचं नाव बदलणारे तुम्ही लोक, लोखंडाला सांग की हवेत टिकायला!" प्रयोगशाळेतले सगळे हसले. त्यात माझ्याच वस्तीतला मित्रही होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "काय करू भौ, माझ्या प्रबंधावर त्यांचीच सही व्हायचीय." सरांविरुद्ध मी पत्रक काढलं. पण मित्राला त्यांनी असं हसायला लावलं, याचा राग आजही कुठल्याच पत्रकात मावत नाही.