कुबडीने धरलेली जागा

आमच्याकडे बस फलाटाला लागायच्या आधीच भरते. ती थांबता थांबता खिडक्यांतून रुमाल, टॉवेल, पिशव्या आत पडतात, आणि ज्याचा रुमाल त्याची जागा. माझा उजवा पाय लहानपणीच पोलिओने नेला, त्यामुळे दाराशी धक्काबुक्की करणं मला जमत नाही. राखीव सीटवर पूर्वी ‘अपंग’ लिहिलेलं असायचं, आता ‘दिव्यांग’ लिहितात. पायरी मात्र होती तेवढीच उंच आहे.

त्या सकाळी मला नांदेडहून लातूर गाठायचं होतं. तिथल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात जागा निघाली होती आणि बाराच्या आत मुलाखतीला हजर व्हायचं होतं. नोकरी मिळाली असती तर भावाच्या घरातली माझी खाट एकदाची हलली असती. वहिनी कधी काही बोलत नसे, पण तिचं न बोलणंही मला ऐकू यायचं.

बस वळली तशी गर्दी धावली. मी कशीबशी राखीव सीटच्या खिडकीखाली पोचले आणि रुमाल टाकला. लगेच मागून एकाने त्याच्यावर पिशवी टाकली. माझं डोकंच फिरलं. आता हिला कोण हलवतो बघू, म्हणत मी कुबडीच आत सारली. ती सीटवर आडवी पडली. त्या माणसाने मुकाट्याने पिशवी ओढून घेतली.

जिंकले, असं वाटलं. मग ध्यानात आलं की दार अजून पुढे आहे आणि मी कुबडीशिवाय उभी आहे.

बसच्या पत्र्याला तळवे टेकून मी इंचाइंचाने सरकू लागले. लोक मला ढकलून चढत होते.

“सरका ना बाई, चढायचं तर चढा!”

“चढूनच राहिले ना!”

हात दारापर्यंत पोचला आणि आत दोनदा घंटी वाजली. मी पत्रा बडवला, ओरडले. बस हलली, तिच्याबरोबर माझा आधारही हलला. मी फलाटावर बसले. पडले म्हणा हवं तर.

चौकशीच्या खिडकीतल्या साहेबांनी लातूरला फोन लावला, कुबडी उतरवून घ्या म्हणून. पुढची गाडी लवकर येईना. मला घड्याळाकडे बघवत नव्हतं.

ती आली तेव्हा दोघा हमालांनी काखेत हात घालून मला पोत्यासारखं वर चढवलं. राखीव सीटवर एक बाई बसल्या होत्या. मी जागा मागितली. त्यांनी मला खालीवर न्याहाळलं. पाय साडीत झाकलेला, काखेत कुबडी नाही.

“चांगल्या तर दिसून राहिल्या की.”

“कार्ड हाय माझ्याकडं.”

“दाखवा मग.”

कार्ड पर्समध्ये होतं. पर्स उघडायची तर दांडी सोडायला हवी, आणि दांडी सोडली की मी खाली. देवाचं नाव घेत आणि ड्रायव्हरचा उद्धार करत मी लोह्यापर्यंत तशीच लोंबकळले. तिथे त्या बाई उतरल्या, तेव्हा बसायला मिळालं.

लातूर यायच्या आधीच बारा वाजून गेले. कॉलेजात फोन केला, तर मुलाखती संपल्या होत्या. “घरून लवकर निघायचं ना मॅडम,” एवढा सल्ला मिळाला.

लातूरच्या फलाटावर आधीच्या गाडीचा कंडक्टर कुबडी घेऊन थेट दारापाशी आला. बिचारा खूश दिसत होता.

“बघून घ्या ताई, ओरखडाबी न्हाई. मला वाटलं तुम्ही मागं कुठं उभ्या असाल. लई गर्दी होती, म्हातारी माणसं उभ्यानं आली. पण हिच्या जागेवर कोणी बसलं न्हाई. मीच सांगितलं सगळ्यांना, अपंग माणसाची हाय, बसू नका.”

मी त्याचे आभार मानले. रडू येत होतं आणि रागही, पण कोणावर काढणार? मी कुबडी काखेत घेतली. ती बाराच्या आत लातूरला पोचली होती, बसून.